माशाची ग्यारंटी

नारायण पेठेत राहणाऱ्या माणसाचा नदीशी संबंध फार जवळचा असतो आणि माशाशी अजिबात नसतो. नदी म्हणजे मुठा. ती आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. १९६१ सालच्या १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले तेव्हा ती स्वतःच चालत आमच्या वाड्यात आली होती, आणि ती किती पायऱ्या चढली हे वडील आल्यागेल्याला भिंतीवर बोट ठेवून दाखवत. मासा मात्र आमच्या घरी कधी आला नाही. 'आमच्याकडे मासे चालत नाहीत' असे म्हणण्याची आमच्या घरात पद्धत आहे. घराबाहेर ते चालतात. आमच्या शाखेतल्या एका मालवणी सहकाऱ्याच्या डब्यातून गेली अठरा वर्षे ते मला नियमित भेटतात. हे सौ.ला माहीत आहे, हे मला माहीत नाही, अशी एकंदर व्यवस्था आहे.

वास्तविक पुणेकराने माशांचा अभिमान बाळगायला हरकत नाही. (पुणेकराने कशाचाही अभिमान बाळगायला हरकत नसते, पण ते असो.) कंपनी सरकारच्या अमदानीत साइक्स नावाचा एक अंमलदार आपल्या दख्खनची मोजदाद करत हिंडत होता. माणसे, गुरे, पिके मोजता मोजता त्याने मासेही सोडले नाहीत आणि १८३९ च्या सुमारास त्यांची शास्त्रशुद्ध वर्णने प्रसिद्ध केली. त्यात महसीर जातीच्या एका माशाला त्याने नाव ठेवले 'खुद्री'. जगभरचे शौकीन ज्या महसीरापायी महागड्या काठ्या घेऊन नदीकाठी तपश्चर्या करतात, त्यांतल्या एकाचे बारसे असे आपल्या मुलखात झालेले आहे. आज लकडी पुलावरून खाली वाकून पाहिले तर खुद्री दिसत नाही. जे दिसते त्याचे वर्णन साइक्सने केलेले नाही. तरीही पुलाखाली कोणीतरी गळ टाकून बसलेला असतोच. अशा एकाला मी एकदा विचारले, "काय मिळतं हो इथे?" तो मान न वळवता म्हणाला, "प्रश्न विचारणारे मिळतात."

तेव्हा मासे धरायचे तर पुण्याबाहेर जायला हवे, हे उघड होते. आता धरायचेच कशाला, हा प्रश्न सौ.ने विचारला होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. वीस वर्षे काउंटरच्या आत बसून माणूस लोकांच्या नोटा मोजतो, तेव्हा आपणही एकदा कुठेतरी दोरी टाकावी आणि पलीकडून कोणीतरी ओढावी, असे त्याला वाटले तर त्यात काही गैर नाही. शिवाय आमच्या पेशाला त्यात परंपरा आहे. १६५३ साली लंडनच्या आयझॅक वॉल्टनने गळाने मासे धरण्यावर एक पुस्तक लिहिले, ते अजून खपते. हे गृहस्थ मूळचे व्यापारी. म्हणजे वाणिज्य शाखेचेच.

मालवणी सहकाऱ्याने एक फोन नंबर दिला. मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली, आणि तारकर्लीच्या पुढे देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. ती जिथे संपते तिथे नदी समुद्राला मिळते, त्याला तिथे संगम म्हणतात. त्या संगमावर पर्यटकांना होडीतून मासे धरायला नेणारे एक काका आहेत, असे कळले. मी पुणेकर पद्धतीने एका कागदावर आठ प्रश्न लिहून काढले आणि फोन लावला.

"आपण मासे पकडायला नेता ना?"

"न्हेतंय."

"दर काय?"

"होडीचे अडीच हजार. सकाळची भरती. चार माणसा."

"त्यात काय काय धरलेलं आहे?"

"मासो सोडून सगळा."

हे उत्तर मी कागदावर लिहून घेतले आणि मग माझ्या लक्षात आले की मुख्य प्रश्न त्यातच आला. "म्हणजे मासा मिळेलच अशी ग्यारंटी नाही?"

"साहेब, मासो पाण्यात आसा. माज्या खिशात नाय."

"पण नाहीच मिळाला तर काही पैसे परत वगैरे?"

"आणि दोन गावले तर डबल दितलास?"

वाचकहो, आमच्या पेठेत गेली दोनशे वर्षे एवढे चोख उत्तर बाहेरच्या माणसाने दिलेले नसेल. उरलेले प्रश्न मी विचारले नाहीत. ज्यांना असा वाटाड्या ठरवायचा असेल त्यांनी मात्र त्यातले दोन जरूर विचारावेत. एक, होडीत सगळ्यांना पुरतील एवढी जीवरक्षक जाकिटे आहेत का; आणि दोन, धरलेला मासा कोणाचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'आहेत, पण लागत नाहीत' असे आले तर फोन ठेवावा. दुसऱ्याचे उत्तर ठिकाणागणिक बदलते आणि ते आधी न ठरवल्यास होडीत भांडणे होतात. आमच्या काकांकडे जाकिटे होती आणि मासा गिऱ्हाइकाचा होता.

आमच्या शाखाधिकाऱ्यांना ही बातमी कळताच त्यांनी येताना पापलेटची एक जोडी धरून आणायला सांगितले. ते नागपूरचे आहेत. काकांना मी हे कळवले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. पापलेट जाळ्यात येतो. गळाला तो सहसा तोंड लावत नाही. त्यात २०२३ साली त्याला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला आहे. एकदा सरकारी दर्जा मिळाल्यावर कोण कशाला दोन कोलंब्यांसाठी धडपडेल?

दिवस ठरवताना पहिली चकमक झाली. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, ही २०१५ पासूनची सोय. मी दुसरा शनिवार म्हणालो. काकांनी विचारले, "तिथी खंयची?" मला वाटले यांचा उपास असेल. पण तसे नव्हते. समुद्राला शनिवार-रविवार समजत नाहीत, त्याला फक्त तिथी समजते, आणि कोकणातल्या माणसाला भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की झाले. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनला. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दिवसातून दोनदा. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन, चक्रवाढ व्याज तोंडी काढणाऱ्या मला हे पाऊणकीचे गणित कोणी शिकवले नव्हते. पाऊणकीचा पाढा वडिलांना येत होता. तो कशासाठी असतो हे त्यांनाही माहीत नसावे. भिंतीवर कालनिर्णय होते. ते काढणारे जयंतराव साळगांवकर मूळचे मालवणचे, हे मला तेव्हा एकदम अर्थपूर्ण वाटले. आमचा शनिवार चतुर्दशीचा निघाला, रविवार पौर्णिमेचा. साडेदहा आणि सव्वाअकरा. "बरा आसा," काका म्हणाले, "उधाणाचा पाणी. सात वाजता बंदरार येवा." उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती; अष्टमीच्या आसपासची मरगळलेली भरती म्हणजे भांग. भांगाला पाणी हलत नाही आणि पाणी हलले नाही तर मासाही हलत नाही, असे त्यांचे मत.

शुक्रवारी रात्रीच्या बसने निघून, फोंडा घाटात जागे होऊन, शनिवारी सकाळी पावणेसातला आम्ही देवबागच्या किनाऱ्यावर हजर होतो. सौ. डॉल्फिन पाहायला आली होती. मी नवीन टोपी घातली होती. काका आमच्या आधीच तिथे उभे होते, साठीच्या पुढचे, किडकिडीत, हाफ पँट आणि गळ्यात मफलर. आमच्याकडे त्यांनी नीट पाहिलेही नाही. ते समुद्राकडे पाहत होते. मीही पाहिले. समुद्र मला समुद्रासारखाच दिसला.

"आज जावचा नाय," ते म्हणाले.

मी विचारले, "का?"

"वारो बरो नाय. मतलई पडाक व्हयी होती, पडली नाय. संगमार लाट फुटता बघा."

मतलई म्हणजे पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा. तो आज नव्हता. वारा बाहेरून येत होता, नदीचे पाणी आतून, आणि दोघांची गाठ संगमावर पडत होती. मला दूरवर एक पांढरी रेघ दिसत होती, तीच ती फुटणारी लाट असावी. तेवढ्यात शेजारून दुसऱ्या एका होडीत पाच-सहा तरुण मंडळी गॉगल लावून, गाणी लावून निघाली. "ते जातायत की," मी म्हणालो. काका म्हणाले, "त्यांचो नाखवो तरणो आसा."

आता आपण पुण्याहून रात्रभर बसमधून अंग आंबवून आलो आहोत, खिशात अडीच हजार रुपये तयार आहेत, हवा स्वच्छ आहे, ऊन छान आहे आणि ज्याला हे पैसे घ्यायचे आहेत तोच मनुष्य 'नको' म्हणतो आहे, अशी परिस्थिती आयुष्यात फार वेळा येत नाही. काउंटरच्या आत बसल्यापासून आम्हाला शिकवले गेले आहे ते याच्या उलट. ठेव मोडायला आलेल्या म्हाताऱ्यालाही जाता जाता विमा घ्या म्हणून सुचवायचे असते. आमच्या शाखेत त्याचे महिन्याचे उद्दिष्ट असते आणि ते फळ्यावर लिहिलेले असते. त्या फळ्यावर 'या महिन्यात किती जणांना नको म्हणून सांगितले' असा रकाना नाही. काका तो रकाना भरून घरी चालले होते. जाताना म्हणाले, "उद्या बघूया. वयनींका चाय दिया."

दहाच्या सुमाराला ती दुसरी होडी परत आली. सगळे सुखरूप होते, हे आधी सांगतो. पण गाणी बंद होती. दोघेजण वाळूवर आडवे पडले ते तासभर उठले नाहीत, आणि एकाचे गॉगलसकट दोन महागडे मोबाइल समुद्रार्पण झाले होते. मासा एकही नव्हता. सौ.ने हे सगळे चहाच्या टपरीवर बसून पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. मी टोपी काढून ठेवली.

रविवारी पहाटे मतलई पडली. कशी ते मला कळले, कारण तोवर मला तिचे नाव कळले होते. बारीक, थंड, पाठीवर येणारी. सातला होडी निघाली. आता मासे धरण्याचे साहित्य म्हणून मी काठी, रीळ, चाक अशा गोष्टींची अपेक्षा केली होती. एक काठी होतीही, पर्यटकांच्या फोटोसाठी. काकांचे स्वतःचे साहित्य म्हणजे लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसे आणि गरी. गरी म्हणजे गळ. आमिषाला सुंगटे, म्हणजे कोलंबी, जिवंत, बादलीत उड्या मारणारी. ती गरीला लावायचे काम मी केले नाही. ते दरात धरलेले होते.

मग बसायचे. वाटाड्या केल्यावर नेमके काय होते, असे मला पुढे शाखेत बऱ्याच जणांनी विचारले. त्याचे खरे उत्तर, बसायचे. पहिला पाऊण तास काही होत नाही. दुसराही होत नाही. वाटाड्या होडी वीस हात अलीकडे घेतो, दहा हात पलीकडे घेतो, आणि ते का हे सांगत नाही. तुम्हाला पाणी सगळीकडे सारखेच दिसते. त्याला खाली कुठे खडक आहे, कुठे रेती आहे, नदीचे गोडे पाणी कुठे खाऱ्यात शिरते आहे, ते दिसत असते. मी विचारले, "तुम्हाला खालचं कसं कळतं?" काका म्हणाले, "चाळीस वर्सा जाळी फाटली. खंय फाटली ता लक्षात रवता."

तेवढ्या वेळात बोलणे झाले. त्यांचे वडील रापणीला होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. दोन्ही बाजूंनी अख्खी वाडी ओढते आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. पुढे पर्ससीनची मोठी जाळी आली, ती बाहेरच्या बाहेर बांगड्याच्या झुंडीला वेढा घालून अख्खी झुंड उचलतात. मग रात्री पाण्यावर प्रखर दिवे लावून मासळी गोळा करणारे आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, हे मी पेपरात वाचले होते आणि तसे म्हणालोही. काका म्हणाले, "कागदार बंदी आसा. कागद दर्यात भिजता." रापणीला मासळी कमी, ओढायला माणसे कमी, म्हणून आता पर्यटकांना बसवून आणायचे. मुलगा पुण्यात, हिंजवडीला. तो पोहत नाही. "तुमच्यासारखो झालो," ते म्हणाले. यात काही टीका नव्हती.

नऊच्या सुमाराला माझी दोरी ओढली गेली. पुढच्या दोन मिनिटांत मी काय केले ते मला सांगता येत नाही, पण पाण्याबाहेर आली ती शेंगटी. हिच्या पाठीला आणि कल्ल्यांशेजारी असे काटे असतात की लागले तर हात सुजतो. काकांनी चिमट्याने ती सोडवून पाण्यात टाकली. नंतर वीतभर तांबोशी आली. तीही त्यांनी न विचारता सोडली. "पोर आसा." मासा गिऱ्हाइकाचा, या कलमाला पोरांचा अपवाद होता हे मला तेव्हा कळले.

आणि मग सौ.ने, जी डॉल्फिनची वाट बघत होती आणि जिने केवळ काकांच्या आग्रहाखातर एक दोरी बोटाला गुंडाळून घेतली होती, ती अत्यंत शांतपणे म्हणाली, "अहो, हे कोणीतरी ओढतंय." काका एका उडीत तिच्याशेजारी. "ओढू नका वयनी. खाऊ द्या. आता सोडा थोडी. आता धरा." मी इकडून ज्या सूचना दिल्या त्या कोणी ऐकल्या नाहीत. दहा मिनिटांनी होडीत अडीच किलोची तांबोशी पडली होती, लालसर, जाड ओठांची, उन्हात चकाकणारी.

सौ. तिच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काका, सोडा हिला."

होडीत कोणी बोलले नाही. मी काकांकडे पाहिले. अडीच किलो तांबोशीला त्या दिवशी बाजारात काय भाव होता मला ठाऊक नाही, पण त्यांना होता. तो त्यांच्या चेहऱ्यावर आला आणि गेला. ते वाकले, माशाचे तोंड उघडून आत बघितले, आणि म्हणाले, "वयनी, मी सोडीन. पण हेणी गरी गिळल्यान हा. पोटात गेली. आता सोडलो तरी जगाचो नाय. वरसून पोटार तरंगतलो, घारी खातली." त्यांनी मासा सौ.पुढे धरला, खरे की खोटे ते बघा म्हणून. तिने पाहिले. मग म्हणाली, "मग तुम्ही घेऊन जा. घरी न्या. विकू नका." ते म्हणाले, "विकीत नाय. पण मग जेवाक येवक् व्हया."

असे आम्ही जेवायला गेलो. काकूंनी मला तांबोशीचे तिखले वाढले, आणि सौ.साठी काळ्या वाटाण्यांचे सांबार, नारळाचा रस घालून, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चुलीवर. हे कोणी सांगितले होते, विचारले तर काकू म्हणाल्या, "पुण्याचे ना?" मी तीन वेळा तिखले घेतले. सौ. समोरच बसली होती. अठरा वर्षांची ती व्यवस्था त्या पाटावर संपुष्टात आली आणि त्यावर अद्याप चर्चा झालेली नाही.

हिशेबाला बसलो. रविवारचे अडीच हजार त्यांनी मोजून घेतले. मी आणखी अडीच पुढे केले. "हे कसले?"

"कालचे."

"काल खंय गेलव आपण?"

"कुठे नाही गेलो, त्याचेच."

त्यांना ते पटेना. मी सांगितले, आमच्या बँकेत कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पगार मिळतो आणि नामंजूर करतो त्या दिवशीचाही मिळतो. किंबहुना बँक उभी आहे ती त्याच्या नामंजूर करण्यावर. तुम्ही काल चारला उठलात, संगम पाहून आलात, चार माणसे घरी बसवलीत. काका हसून म्हणाले, "साहेब, समुद्राक नाय म्हणाचे पैशे घेतलय तर उद्या नाय म्हणाचीच सवय लागात." या युक्तिवादाला वाणिज्य शाखेत उत्तर नाही. माझे पैसे माझ्याच हातात राहिले.

सौ.ने ते माझ्या हातातून घेतले, ओसरीवर खेळणाऱ्या त्यांच्या नातीला जवळ बोलावले आणि खाऊला म्हणून तिच्या हातावर ठेवून मूठ मिटली. लहान मुलाच्या हातावर ठेवलेले पैसे परत घेता येत नाहीत, एवढा कायदा देवबागपासून नारायण पेठेपर्यंत एकच आहे. काका काही बोलले नाहीत. आत गेले. आम्ही निघालो तेव्हा आमच्या बॅगांशेजारी एक पोते होते. रात्री स्वारगेटपर्यंत ते पायाशी घेऊन मी बसलो. घरी येऊन मोजले: एकवीस नारळ, दोन किलो सोले आणि शाखाधिकाऱ्यांसाठी म्हणून वेगळे बांधलेले सुके बांगडे. पापलेट नव्हते.

तो हिशेब अजून जुळलेला नाही. नारळाला पुण्याचा भाव लावला तर आम्ही त्यांचे देणे लागतो, देवबागचा लावला तर ते आमचे. सौ.चे म्हणणे, पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी समक्ष जाऊन मिटवून टाकू. मी कालनिर्णय काढले. षष्ठी. सहा पाऊणे साडेचार. फोन लावला.

"नको," काका म्हणाले. "भांग आसा. फुकट येशात."

याचेही आता त्यांना काही देणे लागतो.